दोनशे बाराच्या रेघा

पेन्सिलीची चौथी रेघ दिसली आणि महानंदाने पुस्तक पालथं घातलं. "ह्यो मुद्दामच करायलाय," ती भिंतीला म्हणाली.

लातूरच्या क्लासच्या गल्लीत तिची मेस होती. डॉक्टर होऊ घातलेल्या पोरी दोनपर्यंत जेवून गेल्या, की चारपर्यंतचा वेळ तिचा आणि वाचनालयातल्या कादंबरीचा. ही कादंबरी तर अशी लागली होती, की परवा वरण करपलं. दोन भाऊ, एक बहीण आणि वडिलांच्या शेवटच्या दिवसाबद्दल तिघांच्या तीन कहाण्या. बहीण उलटसुलट विचारून भावांना भंडावून सोडते. महानंदाला ती फार आवडली, कारण तीही कुणावर विश्वास ठेवत नव्हती.

वाचनालयातली एक रीत होती. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून जो तो एकविसाव्या पानाच्या कोपऱ्यात आपला सभासद क्रमांक बारीक लिहून ठेवी. या पुस्तकात शेवटचा क्रमांक होता दोनशे बारा. तो तिच्या थोरल्या भावाचा, ईश्वरप्पाचा. रजिस्टरात तिने तो चोरून पाहून ठेवला होता.

ईश्वरप्पा लेकीच्या, पुनमच्या क्लाससाठी गावाकडून येऊन दोन गल्ल्या सोडून राहत होता. पुनम आत्याच्याच मेसमध्ये जेवायची. टेहळणीला धाडतो, असं महानंदाचं मत. बहीणभावांचं सतरा वर्षं बोलणं नव्हतं. पहाटे भूकंप झाला त्या दिवशी दुपारी ती लातूरहून गावी पोचली, तेव्हा तो म्हणाला होता, "अव्वा झोपेतच गेली. तिला काई कळलंच न्हाई." पण अव्वाच्या, आईच्या, दहाही नखांत माती होती. झोपलेल्या माणसाच्या नखांत माती कुठून येणार? तिने चारचौघांत विचारलं, तो उठून निघून गेला, आणि त्या दिवसापासून संशय तिच्याकडे मुक्कामाला आला.

रेघा साऱ्या त्या बहिणीच्या प्रश्नांखाली होत्या. बघ, तूही अशीच किरकिरी, हाच त्याचा अर्थ. पाचवी रेघ मात्र थोरल्या भावाच्या वाक्याखाली निघाली. 'त्यांना त्रास झाला नाही,' असं तो बहिणीला सांगत होता. महानंदाने पायांत चपला सरकवल्या.

ईश्वरप्पा वाचनालयात पेपर वाचत बसला होता.

"अण्णा, ह्या रेघा तुझ्याच ना?"

त्याने चष्मा काढला. "हाव. माझ्याच."

"मला टोमणे मारायलास?"

"न्हाई गं. माझ्यामागं पुस्तकं तूच नेतीस, म्या रजिस्टरात बघितलंय, म्हणून मारल्या. पुस्तकातल्या त्या बहिणीला समदं ठावं हाय, पर कुणी सांगंना. मला तोंडानं जमलं न्हाई."

"मग आता जमव."

तो आजूबाजूला बघून हळू बोलू लागला. "अव्वा जित्ती होती. मातीखालून हाका मारत होती. दुसऱ्या अंगाला पुनम रडत होती, वरसाची. म्या पुनमकडं उकरत गेलो. अव्वाकडं आलो तवर हाक थांबली."

संशय खरा ठरला की जीव शांत होईल, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. तसं काही झालं नाही. तासाभरापूर्वीच पुनम नको नको म्हणत असताना तिने तिच्या ताटात तिसरी चपाती बळेच वाढली होती. त्या पोरीला मातीत ठेवायला हवं होतं, असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

"तुला हाका मारत होती?"

ईश्वरप्पाने नकारार्थी मान हलवली. सतरा वर्षं त्याने लपवलं होतं ते खरं तर हेच. "माझं नाव एकदा बी घेतलं न्हाई तिनं. तू लातूरला हायस, ह्येच इसरली असंल. 'नंदे, दार उघड गं,' एवढंच म्हणायली होती."

महानंदाने शेजारची खुर्ची ओढली आणि त्याच्या बाजूला बसली. 

"एकदा म्हण," ती म्हणाली. "तिनं म्हणलं तसं."

वाचणाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून ईश्वरप्पा तिच्याकडे वाकला. "नंदे, दार उघड गं."

"आले, अव्वा," महानंदा म्हणाली.