रुखवतातला कॅमेरा

"अध्यक्ष, तुम्ही चोर आहात. तेही साधे नव्हे, नियम पुढं करून चोरी करणारे."

जळकोटपासून मोटारसायकलवर लग्नाचं शूटिंग करणाऱ्या अबुजरनं हे वाक्य घोकत आणलं होतं. अध्यक्षांच्या ओसरीत पाय ठेवला आणि तोंडातून निघालं ते असं, "नमस्कार, मालक. बोलावलंत?"

अडलेल्या माणसाची जीभ अशीच. घरात तलवार, दारात शेपूट.

गावात लग्नसमिती निघाली, तिचे अध्यक्ष हेच, तेव्हा तिचे नियम देवळाच्या भिंतीवर रंगवले. डीजे नाही, ड्रोन नाही, व्हिडिओ शूटिंग नाही. साधेपणा म्हणे! साधेपणा नेहमी दुसऱ्याच्याच मांडवात शोभतो. अयोध्याचं लग्न या नियमात सापडलेलं पहिलं. तिनं अबुजरला गुपचूप सांगितलं, "भाऊ, तुम्ही दिसू नगा, पण सगळं टिपा." अबुजरनं कॅमेरा रुखवतात बसवला. कुरडयांच्या परातीमागं, वर भरतकामाचा रुमाल, नुसती काच उघडी.

पंगत बसली, मांडव मोकळा झाला आणि त्या काचेसमोर आला रामकिसन, अयोध्याचा बाप. लेकीशी उभ्या जन्मात गोड न बोललेला गडी. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. लेकीनं विणलेलं तोरण हातात घेतलं, परत होतं तसं ठेवलं. शिलाई मशीन उपरण्यानं पुसली आणि त्याच उपरण्यात तोंड खुपसून रडला.

कॅमेरा काढताना अबुजरनं हे त्याच्या पडद्यावर पाहिलं आणि पाठवणीच्या गडबडीत अयोध्याला सांगितलं.

"अण्णा रडले? काय बी सांगताव!"

"कॅमेऱ्यात हाय की, ताई. बघशीलच."

ती बघणार कुठून? वऱ्हाडाची गाडी हलली आणि समितीची माणसं आली. नियम म्हंजे नियम, म्हणत कॅमेरा घेऊन गेली. पुढं दिवाळीच्या आत रामकिसन गेला, शेतात, उभ्या उभ्या. तेव्हापासून अयोध्या माहेरी आली की एकच विचारायची, "भाऊ, मिळाला का ओ?" आणि अबुजर विचारायला गेला की अध्यक्षांचं एकच उत्तर, "समितीपुढं ठेवू."

आणि आज त्याच अध्यक्षांचं बोलावणं.

"नक्को जाओ जी," रुकसाना, त्याची बायको, दारातच म्हणाली होती. "मांजर उंदराला जेवायला बोलवायलंय."

अध्यक्षांनी चहा मागवला. तिथंच अबुजरला पहिली शंका आली. या घरात त्याला पाणीसुद्धा कधी कुणी विचारलं नव्हतं.

"लेकीचं लग्न हाय. शूटिंग पायजे," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. "पण कॅमेरा कुणाच्या डोळ्यांना दिसता कामा न्हाय. तू त्यात वस्ताद. आमीच पकडलं की तुला!" आणि आपल्याच बोलण्यावर हसले.

"आन् नियम, मालक?"

"नियम दिसणाऱ्याला. जे दिसतच न्हाय त्याला कसला नियम?"

हा सापळा आहे का? भर मांडवात धरून, बघा समिती कुणाला सोडत नाही, असं दाखवायचंय का? अबुजरनं धीर करून म्हटलं, "मग माझा कॅमेरा द्या."

त्यांनी तो लगेच दिला. आतल्या कपाटातून आणला, हातावर ठेवला. समिती नाही, ठराव नाही. इतक्या सहज मिळाला म्हणून अबुजर आणखीच सावध झाला. पट्ट्याला हळदीकुंकवाचं बोट लागलेलं. बटण दाबलं तर बॅटरी भरलेली. एवढे दिवस कपाटात पडलेली बॅटरी?

"हळद कशी लागली, मालक?"

"बायामाणसांचं घर हाय. लागती."

गावाबाहेर बाभळीखाली गाडी लावून त्यानं कार्ड काढलं. त्याचंच होतं, कोपऱ्यावर रुकसानानं दिलेला नेलपॉलिशचा ठिपका होता. परत घालून पाहिलं. पडद्यावर अध्यक्ष आले. नवा फेटा, मिशीला पीळ. लेकीचा साखरपुडा. पाहुण्यांना पेढा भरवता भरवता कॅमेऱ्यावर खेकसत होते, "नीट घे की रं, तोंड येऊ दे माझं!" पुढं साखरपुडा, मागं साखरपुडा. रामकिसन कुठंच नव्हता. कार्ड कोरं करून वापरलं होतं.

अयोध्या माहेरी आलेली होती, अबुजर तसाच तिकडं गेला. तिनं कॅमेरा हातात घेतला, सगळा साखरपुडा शेवटपर्यंत पाहिला. रडली नाही.

"लग्नाचं काम घ्या भाऊ," ती म्हणाली. "कॅमेरा रुखवतातच बसवा. म्या बी येते."

लग्नाच्या दिवशी अध्यक्ष व्याह्यांना रुखवत दाखवत होते. आजूबाजूला समिती उभी, निम्मं गाव उभं. "साधं लग्न, पाव्हणं! आमच्या गावात कॅमेरा चालत न्हाय," ते सांगत होते. अबुजर खांबाला टेकून उभा होता.

अयोध्या गर्दीतून पुढं आली. वाकून अध्यक्षांच्या पाया पडली. मग परातीमागचा रुमाल उचलला. कॅमेऱ्याचा लाल दिवा सगळ्यांना दिसला.

व्याही अध्यक्षांकडं बघायला लागले. अध्यक्ष अबुजरकडं. अबुजरनं या वेळी मान खाली घातली नाही.

"ह्याच कॅमेऱ्यात माझे अण्णा होते, काका," अयोध्या म्हणाली. "ते पुसून तुमी तुमचा साखरपुडा भरला. आता ह्याच्यात आवाज बी यायलाय, तोंड बी येतंय तुमचं नीट. सांगा सगळ्यांदेखत, कुणाला इचारून पुसलं माझ्या बापाला?"