हजेरीचं आम्ही बघतो

कानात पेनाचं टोपण फिरवत सर म्हणाले, "नोकरी कशाला सोडता, मॅडम? हजेरीचं आम्ही बघतो."

ठाण्याच्या त्या कॉलेजात दीप्ती मोठ्या आशेने आली होती. कल्याणच्या हॉस्पिटलात औषधांच्या खिडकीत बसून चिठ्ठी घ्यायची, पिशवी द्यायची, याचा तिला वीट आला होता. तिला वॉर्डात जायचं होतं. कुठलं औषध पेशंटला बाधतंय, हे डॉक्टरांशेजारी उभं राहून बघायचं होतं. त्यासाठी क्लिनिकल फार्मसीत पुढचं शिक्षण हवं. पूर्णवेळ शिकायचं तर नोकरी जाते आणि घरबसल्या शिकलेल्याला कुणी विचारत नाही.

"पण सर, वॉर्डातलं ट्रेनिंग?"

"केसेस तयार असतात. पेशंटची नावं बदलून उतरवायच्या. सगळे नोकरीवाले तेच करतात."

त्यांनी टोपणावरचा मळ निरखला, ते पेनाला बसवलं आणि फॉर्मवर सहीसाठी पेन तिच्यापुढे धरलं. पेनाला हात न लावता दीप्ती उठली.

परतताना बसमधून तिने भावाला, प्रशांतला, फोन लावला.

"किळस आली रे. वर्गात पाऊल न टाकता डिग्री देतात."

"एवढी का तापतेस, ताई? आंबिवलीच्या दुकानात तू तरी कुठे जातेस?"

दीप्तीने फोन ठेवला. आपण हसे लोकाला, शेंबूड आपल्या नाकाला. आंबिवलीचं मेडिकल प्रशांतच्या मित्राचं, साईनाथचं. कायद्याला फार्मासिस्ट लागतो, म्हणून तिचं सर्टिफिकेट तिथे भिंतीवर टांगलेलं होतं आणि त्याचं भाडं दरमहा येत होतं. सगळेच देतात म्हणून तिनेही दिलेलं. त्याच भाड्यातून ती फी भरणार होती. दुकान मात्र तिने कधी पाहिलंही नव्हतं. आता तिला स्वतःचीच शिसारी आली.

घरी न जाता ती आंबिवलीला गेली.

काउंटरवरचा नोकर भजी खात होता. त्याच तेलकट बोटांनी त्याने एका म्हातारीसाठी सुट्या गोळ्या कागदात बांधल्या.

"कशा घेऊ?" म्हातारीने विचारलं.

"दुखलं की घ्या."

त्याच्या डोक्यावर, फ्रेममध्ये, दीप्तीचं नाव होतं.

"फार्मासिस्ट कुठे आहेत?" दीप्तीने विचारलं.

त्याने वर न बघता सांगितलं, "मॅडम जेवायला गेल्यात. येतील."

दीप्तीने काउंटरची फळी उचलली आणि ती आत शिरली.

"आल्या," ती म्हणाली. मग म्हातारीपुढे हात केला. "ती पुडी द्या, आजी. घरी अजून कुठल्या गोळ्या चालू आहेत तुमच्या?"