ऑलिव्हच्या ताटातलं

म्यूरिएलला पहिल्यांदा संशय आला तो डुकराच्या भाजलेल्या सालीवरून.

सोमवार होता, म्हणजे धुण्याचा दिवस. परसातल्या हंड्यात चादरी उकळत होत्या आणि तिचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. अशा दिवशी चुलीशी उभं राहायला कुणाला सवड असते? आदल्या दिवशीचे उरलेले बटाटे, कोबी, मांसाची चिंधी काय असेल ती कुस्करायची, बिडाच्या तव्यात चरबीवर थापायची आणि दोन्ही अंगांनी खरपूस करायची. आधी ते बुडबुडतं, मग उलथन्याने दाबलं की कोबी चिरकतो. म्हणून त्याचं नाव बबल अँड स्क्वीक. घरोघरी नुसतं बबल म्हणत.

ती कोठीत गेली. उत्तरेकडची ती थंड, दगडी फळ्यांची खोली. रविवारी तिने बशीत दोन बटाटे आणि मूठभर कोबी झाकून ठेवला होता. मांस उरण्याचा प्रश्नच नव्हता. लढाई संपून दीड वर्ष झालं तरी रेशन सुटलं नव्हतं, आणि माणशी जे मांस मिळे ते रविवारीच पुसून खाल्लं जाई.

तिने झाकण उचललं. बशी शिगोशीग भरलेली. बटाटे होतेच, पण ते भाजलेले, कडांना तांबूस. लोण्यात परतलेले छोटे कोबीचे गड्डे. पार्सनिप नावाच्या गोडसर कंदाच्या फोडी. आणि डुकराच्या मांसाचे जाड काप, वर बोटभर रुंद साल, फुगलेली, खारी, अजून कुरकुरीत.

घरात डुक्कर नव्हतं. लोणी तर तिने कित्येक दिवसांत डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

विल्फनेच कुठून तरी मिळवलं असेल, असं तिने ठरवलं. विल्फ सेचेल, तिचा नवरा, मोठ्या कालव्यावरचं पंपघर सांभाळायचा. शेतांतलं पाणी कालव्यात उपसून टाकणारं ते इंजिन बंद पडलं तर अख्खा मुलूख चिखलात जायचा, म्हणून शेतकरी त्याला कधी अंडी, कधी ससा देत. नवऱ्याने गुपचूप आणलंय तर आपण कशाला चौकशी करायची? तिने सगळं कुस्करलं, तव्यात घातलं. वास असा सुटला की तिचे डोळे भरून आले. लढाईआधीचा वास होता तो.

दुपारी विल्फ आला. दारातच थबकला.

"काय करतेस?"

"बबल. बस, गरम आहे तोवर खा."

"मी सोमवारी पाव-चीज खातो. तुला सांगितलं होतं."

"अरे, मांस आहे यात! चांगलं डुकराचं!"

त्याने तव्याकडे पाहिलंही नाही. पावाचा तुकडा कोटाच्या खिशात कोंबला आणि आला तसा गेला. म्यूरिएल एकटीच बसली आणि तिने सगळं खाल्लं. तवा पावाने निपटून काढला.

तिचं हे पहिलंच लग्न होतं, तेही चाळिशीला टेकल्यावर. त्याआधीची सगळी वर्षं विझबीचच्या कारखान्यात मटार डब्यात भरण्यात गेली. विल्फचं दुसरं. पहिली बायको ऑलिव्ह लढाईच्या आधीच्या वर्षी धुक्यात कालव्यात पडून गेली, एवढं तिला ठाऊक होतं. विल्फ त्याबद्दल बोलत नसे आणि तीही विचारत नसे. मेलेल्या सवतीशी कसला हेवा, असं ती बहिणीला हसून म्हणाली होती.

पुढच्या सोमवारी बशी पुन्हा भरलेली होती. तेच काप, तेच कोबीचे गड्डे. त्याच्या पुढच्या सोमवारीही. एकदा तिने मुद्दाम काही उरवलंच नाही. बशी धुऊन पुसून पालथी ठेवली. सकाळी ती उताणी होती, भरलेली, आणि झाकण वर नीट ठेवलेलं. तिने ते घमेल्यात घालून कोंबड्यांपुढे ठेवून पाहिलं. हिवाळाभर उपाशी असलेल्या त्या कोंबड्या खुराड्याच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या, चोच लावली नाही एकीनेही. म्यूरिएलने घमेलं उचललं, घरात आणलं, वरची माती झटकली आणि तळून खाल्लं. लाज वाटली, पण खाल्लं. भूक होती. आणि नुसती भूकच नव्हती. रविवारपासूनच तिला सोमवारची आस लागू लागली होती.

मग दुसरंच काही सुरू झालं.

चादरी वाळत घालताना ती एक चाल गुणगुणत होती. आपण ही कुठे ऐकली, ते तिला आठवेना. सुतळी हवी होती तर हात आपसूक घड्याळामागे गेला, आणि सुतळी तिथे होती. कोरड्या ठणठणीत दिवशी तिचे मोजे घोट्यापर्यंत ओले व्हायचे. काढून पिळले की कालव्याच्या काळ्या पाण्याचा वास यायचा. एका संध्याकाळी विल्फ चहा पीत होता. ती सहज म्हणाली, "विल्फी, साखर देऊ?"

त्याच्या हातून कप खाली पडला.

"काय म्हणालीस?"

"साखर..."

"त्याआधी."

तिला काही आठवेना. त्याने फुटके तुकडे गोळा केले, एकेक, बराच वेळ, आणि तोंड वर केलं नाही.

बांधावरच्या दुसऱ्या घरात हेटी पेल राहायची. म्हातारी, तोंडात दात चार, पण मुलखाच्या खबरा चाळीस. सगळे तिला हेटीमावशी म्हणत. म्यूरिएल तिची चाळणी परत द्यायच्या निमित्ताने गेली. जानेवारी सरत आला होता, बर्फ पडायला लागलं होतं.

"ये गं, ये. मी खिडकीतून पाहत होते," हेटीमावशी म्हणाली. "छातीत धस्स झालं बघ. चालण्याची ढब अगदी ऑलिव्हची. स्कर्ट असा एका हाताने वर धरून."

म्यूरिएलने स्कर्ट सोडून दिला. "मावशी, ती गेली त्या दिवशी काय झालं होतं?"

"नवऱ्याने नाही सांगितलं?"

"तो चकार शब्द काढत नाही."

"नाहीच काढणार बिचारा." म्हातारीने खुर्ची चुलीकडे ओढली. "रविवार होता. त्यांनी डुक्कर कापलं होतं, आम्हालाही वाटा पाठवला होता. जेवणावरून काहीतरी बिनसलं. बिनसायला काय लागतं गं? हा उशिरा आला असेल, ती बोलली असेल. ताट सारून उठला आणि चालता झाला. बाहेर धुकं असं, की स्वतःचा हात दिसेना. ती त्याला शोधत बांधावर गेली. हा पंपघरात, इंजिनाच्या धडधडीत काय ऐकू येणार? पाय घसरला तिचा. दुसऱ्या दिवशी कालव्याचं पाणी अडवायच्या फाटकाशी सापडली."

"आणि जेवण?"

"काय?"

"ते जेवण. त्याचं काय केलंत?"

हेटीमावशीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुला कसं ठाऊक, ते मी आवरलं म्हणून? मीच आवरलं. दोन्ही ताटं भरलेली, घासभरही कुणी खाल्लेलं नाही. आमच्या डुकरिणीला घातलं. चिखलसुद्धा खाणारं जनावर ते. पण शिवली नाही. शेवटी खड्डा करून पुरलं मी." ती खालच्या आवाजात म्हणाली, "पोरी, तुझे बूट इतके ओले कसे? बाहेर तर सगळं गोठलंय."

म्यूरिएल उठली. परतताना ती बांधावरून चालली आणि पंपघराच्या आधी, वाळक्या विलोच्या झाडापाशी आली, तेव्हा तिचे पाय थांबले. काय झालं होतं ते तिला कळलं. कुणी सांगितलं नाही, काही दिसलं नाही. स्वतःच्या घरातली पायरी अंधारात कळावी तसं कळलं.

त्या फेब्रुवारीत बर्फ असं पडलं की रस्ते बुजले, कोळसा संपला, कालवा काठोकाठ गोठला. पंपघराचं इंजिन थांबलं. उपसायला पाणीच नव्हतं. म्हणून त्या सोमवारी विल्फ घरीच होता. खुर्ची चुलीला लावून, कोट घालूनच बसला होता.

म्यूरिएलने कोठीतून बशी आणली. तिने ठरवलं होतं की हे सरळ चुलीत घालायचं. पण हातांनी ऐकलं नाही. हातांनी बटाटे कुस्करले, मांस बारीक केलं, तव्यात चरबी सोडली.

"मी पाव खाईन," विल्फ म्हणाला.

"पाव संपलाय."

तवा बुडबुडू लागला. मग तिने उलथन्याने दाब दिला, आणि आवाज आला. तो कोबीचा चिरका आवाज नव्हता. बारीक, लांबवरचा, धुक्यात बाई हाक मारते तसा. शेवटी किंचित वर चढणारा. तिने उलथनं उचललं, आवाज थांबला. पुन्हा दाबलं. *विल्फीऽऽ.*

विल्फ उभा राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"थांबव ते."

"तुलाही ऐकू येतंय?"

"म्यूरिएल, तवा उतरव!"

तिने तवा उतरवला आणि सगळं त्याच्या ताटात वाढलं. ताट टेबलावर ठेवलं. तिच्या पायांखाली फरशीवर पाणी साचत होतं, आणि खोलीभर कालव्याचा वास दाटला होता.

"बस, विल्फी," ती म्हणाली. आवाज तिच्याच गळ्यातून येत होता, पण तिचा नव्हता. थोडा पातळ, थोडा हसरा. "तू पंपघरात नव्हतास. विलोच्या झाडामागे होतास. मी हातभर अंतरावरून गेले. तुझ्या तंबाखूचा वास आला मला. म्हटलं, रुसलाय, देईल ओ. तीनदा हाक मारली. तू श्वास धरून उभा राहिलास."

विल्फने टेबलाची कड घट्ट धरली. हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं.

"मला वाटलं..." तो म्हणाला. "मला वाटलं, थोडी घाबरू दे. एवढंच गं. एवढंच वाटलं होतं. मग पाण्याचा आवाज आला आणि मला दिशाच कळेना..."

"ठाऊक आहे मला. धावत होतास ते ऐकू येत होतं. उलट्या बाजूला धावत होतास." तिने ताट त्याच्याकडे सरकवलं. "जेवण निवतंय. दुपारभर चुलीशी उभी होते मी."

तो बसला. काटा उचलला, परत ठेवला, आणि बोटांनीच पहिला घास घेतला. चावला. गिळताना त्याच्या गळ्यातून असा काही आवाज निघाला की म्यूरिएलला, आतल्या खऱ्या म्यूरिएलला, त्याला उठवून बाहेर न्यावंसं वाटलं. पण ती हलू शकली नाही. तो खात राहिला. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून ताटात पडत होतं, तेही त्याने खाल्लं. साल मागे ठेवली नाही, कोबीचं पान ठेवलं नाही. ताट बोटाने निपटलं आणि हात मांडीवर ठेवून बसला.

"छान झालंय, ऑली," तो म्हणाला. "फार छान झालंय."

आधी म्यूरिएलच्या टाचा गरम झाल्या, मग पावलं, मग पोटऱ्या. कालव्याच्या वासाच्या जागी नुसता तळलेल्या चरबीचा वास उरला होता. फरशी ओली होती ती मात्र खरीच ओली होती. तिने चिंधीने पुसली आणि चिंधी काळी झाली.

संध्याकाळी विल्फनेच बोलायला सुरुवात केली. ऑलिव्ह कशी नाचायची, पैज लावून घोडागाडी कशी हाकली होती, तिच्या आईशी तिचं कसं पटत नसे. म्यूरिएल ऐकत होती. मधेच तिच्या लक्षात आलं की यातलं काहीही आपल्याला आधीपासून माहीत नाहीये. तेव्हा कुठे तिने मोकळा श्वास घेतला.

"तू निघून जाशील आता," विल्फ म्हणाला. "गेलीस तर मी अडवणार नाही."

"या बर्फात? कुठे जाऊ, तूच सांग." तिने चुलीतले निखारे सारले. "राग येतोय मला तुझा. तिच्या वतीने नाही, माझ्या. माझ्याशी लग्न केलंस आणि मला तिचं उष्टं खाऊ दिलंस."

"मला माहीत नव्हतं..."

"माहीत करून घेतलं नाहीस. दर सोमवारी वासावरून कळत होतं तुला."

त्याने मान खाली घातली.

पुढच्या सोमवारी ती कोठीत गेली. झाकण उचललं. तिने ठेवलेला दीड बटाटा, कोबीची चार पानं आणि डब्यातल्या मांसाची एक कातळी, कडांना सुकलेली. एवढंच. तिला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी पोटात भुकेची अशी कळ आली की तिने दाराला डोकं टेकलं. ती चव आता जन्मात मिळणार नव्हती.

तिने जे होतं ते तळलं. कोबी कोबीसारखाच चिरकला. विल्फ न बोलावता येऊन बसला. अर्धं तिने त्याच्या ताटात घातलं, अर्धं आपल्या.

पहिला घास खाऊन तो थोडा घुटमळला.

"बोल काय ते," ती म्हणाली.

"मीठ कमी आहे जरा."

म्यूरिएल त्याच्याकडे पाहत राहिली. मग मिठाचं भांडं उचलून त्याच्यापुढे आपटलं, जरा जोरातच.

"घे की मग. हात नाहीत तुला?"

त्याने मीठ घेतलं. बाहेर छपरावरून पहिल्यांदाच बर्फ घसरून धपकन पडलं, आणि दोघंही खात राहिले.