दुसरी किल्ली

आमचे आप्पा गिऱ्हाइकाला माल देताना एक वाक्य हमखास बोलायचे, "किल्ली हरवली तरी काळजी करू नका, दुसरी आमच्याकडे आहे." गावोगावच्या पाणीपुरवठ्याचे पंप चालू-बंद करणाऱ्या पेट्या आम्ही बनवतो. प्रत्येक पेटीची दुसरी किल्ली कारखान्याच्या मागच्या खोलीत, फळीवर, गावाच्या नावाची पट्टी लावून टांगलेली असायची. लोकांना ते फार आवडायचं. किल्ल्या हरवण्यात माणसाचा हात कोण धरणार!

आप्पा गेले, कारखाना दादाकडे आणि माझ्याकडे आला. पेट्यांत संगणक आले, किल्लीच्या जोडीला पासवर्ड आला. पण घरची रीत ती रीत. प्रत्येक पेटीत आम्ही आमचाही एक पासवर्ड ठेवत गेलो. कुठे पंप अडला की फोन यायचा आणि मागच्या खोलीतल्या संगणकावरून दादा तो चालू करून द्यायचा. गिऱ्हाईक खूश, दादा त्याहून खूश.

धंदा मात्र बसत चालला होता. मोठ्या कंपन्यांपुढे आमचा टिकाव लागेना. अशात परदेशातली एक कंपनी कारखाना विकत घ्यायला पुढे आली. त्यांचा माणूस इतका गोड बोलायचा की मी त्याचं नावच साखऱ्या ठेवलं. "कुणालाही कामावरून काढणार नाही," साखऱ्या म्हणाला आणि दादाच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रंग आला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? कामगारांच्या तोंडाकडे बघायची चोरी झाली होती.

पण कारखाना दाखवताना मला एक गोष्ट खटकली. लेथ, रंगाची भट्टी, जोडणीची टेबलं, साखऱ्याने कशाकडेच धड पाहिलं नाही. मागच्या खोलीत मात्र चहा गार होईपर्यंत बसला. "इथून सगळ्या पेट्या दिसतात?" असं पुन्हा पुन्हा विचारत होता. म्हैस घ्यायला यावं आणि गोठ्याचं कुलूप तपासत बसावं, तसला प्रकार. मी दादाला म्हटलं, तर तो उखडला.

"तुला कशातही खोट दिसते! लक्ष्मी टिळा लावायला आली आणि तू चाललीस तोंड धुवायला."

परदेशी कंपनीला असा कारखाना विकायचा तर सरकारची परवानगी लागते. देशाच्या सुरक्षेला धोका नाही ना, हे तपासणारं एक खातं आहे. दादाने अर्जात 'पंपांच्या पेट्या बनवतो' एवढंच लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं. मग त्या खात्याच्या बाई स्वतः कारखाना बघायला आल्या. बोलायच्या कमी, चष्मा पुसायच्या जास्त.

सगळं बघून झालं. उठता उठता त्यांनी विचारलं, "लांबच्या गावी पंप अडला तर तुमचा माणूस पोचायला वेळ लागत असेल, नाही?"

"छे हो!" दादाची छाती फुगली. "जायचं कशाला? इथे बसल्या बसल्या चालू करतो आम्ही. कुठलाही!"

बाईंचा चष्म्यावरचा हात थांबला. आपण काय बोलून बसलो ते दादाला तेव्हा कळलं. गप्प बस, असं तो मला डोळ्यांनी सांगायला लागला. बाहेर जोडणीवाले कशावर तरी खिदळत होते. त्यांची पोरंबाळं माझ्या डोळ्यांपुढे आली. आणि मग नळ आले. आमच्या पेट्यांवर चालणारे, इस्पितळांतले, शाळांतले, माझ्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला.

"आणि बंदही करता येतो," मी म्हटलं. "कुठलाही. सगळे एकदमसुद्धा."

बाई गेल्यावर दादा कडाडला, "आपल्या हाताने पायावर धोंडा मारून घेतलास! आता जा बाहेर आणि सांग त्या माणसांना, तुमच्या अन्नात माती कालवली म्हणून."

"सांगते," मी म्हटलं आणि खरंच गेले. सगळ्यांना गोळा करून झालं ते सांगितलं. फोरमनकाका फडक्याला हात पुसत राहिले. "बोलायच्या आधी एकदा आम्हाला विचारायचं होतंत, ताई," एवढंच म्हणाले.

खात्याचं उत्तर आलं, आणि तो नकार नव्हता. परवानगी होती, एका अटीवर. विक्रीच्या आधी प्रत्येक पेटीतला आमचा पासवर्ड काढून टाकायचा आणि सगळा ताबा ज्या त्या गावाला द्यायचा. दादा उड्या मारायचा तेवढा बाकी होता. त्याने लगेच साखऱ्याला फोन लावला. "कारखाना तोच, माणसं तीच, मशीनही तीच! फक्त मागची खोली रिकामी!"

वरिष्ठांशी बोलून कळवतो, म्हणाला साखऱ्या. मग त्याने फोन उचलणंच बंद केलं. शेवटी त्यांच्या वकिलाकडून कळलं, कंपनीने अंग काढून घेतलं.

दादा मागच्या खोलीत जाऊन बसला. मी पाठोपाठ गेले.

"त्यांना आपण नकोच होतो गं," तो म्हणाला. मला रडूच फुटलं. सगळा राग त्या साखऱ्यावर होता, आणि तो समोर नव्हता.

"उद्यापासून किल्ल्या परत करायला निघू," मी डोळे पुसत म्हटलं.

"आता कशाला? विक्री मोडली, अटही गेली. कोण सांगतंय आता?"

"मी सांगतेय. साखऱ्या निदान दारातून आला. उद्या दुसरा कुणी न विचारता शिरेल. एवढ्या गावांचं पाणी उशाशी घेऊन तुला झोप येते? मला येत नाही."

"आणि कारखाना?"

"पेट्या विकून चालवू. नाहीच चालला तर पेट्या विकता विकता बुडू. पण दुसरं काही विकायचं नाही."

दादा फळीकडे बघत राहिला. पेट्यांच्या दारांच्या किल्ल्या अजून तिथेच होत्या, पट्ट्यांवर आप्पांचं अक्षर होतं. मग तो उठला आणि एकेक काढून पिशवीत भरायला लागला.

पहिल्या गावच्या पंपघरात दादाने आमचा पासवर्ड पुसला. तिथला इंजिनियर आपला नवा टाकत होता, तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग त्याने पिशवीतून त्या गावची किल्ली काढून पुढे केली.

इंजिनियर हसला. "राहू द्या की एक तुमच्याकडे. आम्ही हरवतो हो!"

"हरवू नका," दादा म्हणाला. त्याने हात पुढेच ठेवला. "दुसरी आमच्याकडे नाही."