लांबलेली झुंज

कौतिकनानांनी काठ्या संबळावर आडव्या टाकल्या आणि कपाळाला हात लावला.

"परत तेच. झुंजता का गळाभेट घेता रे?"

खोलीच्या मध्यभागी वाली आणि सुग्रीव एकमेकांच्या खांद्यांत पंजे रुतवून उभे होते. साक्रीकडच्या सुताराने कोरलेले लाकडी मुखवटे एकमेकांना टेकलेले. ही पकड तीन ठेक्यांत सुटायला हवी. पण रोज तालमीत ही जोडी नेमकी इथेच अडायची.

दोघांनी मुखवटे उतरवले. आतून घामाने निथळणारे रुपचंद आणि धनसिंग निघाले. लगेच एकाने तोंड खिडकीकडे फिरवले, दुसऱ्याने दाराकडे.

"नाना, त्याले सांगा, पाय मांगे ले," रुपचंद म्हणाला.

"नाना, त्याले सांगा, आपला पाय सांभाळ," धनसिंग म्हणाला.

"मी काय टपालवाला शे का?" नाना करवादले.

दोघांच्या घरांची भिंत एक. मोरीचे पाणी कोणाच्या दारावरून जावे, यावरून मागच्या पावसाळ्यापासून अबोला होता. दोन्ही घरांच्या बायकाही नळावर पाठ करून उभ्या राहत. तालमीला मात्र दोघे सर्वांच्या आधी हजर. असले लोक झुंजायला तरी कशाला येतात, हे नानांना कळत नव्हते.

उंबऱ्यात नगरपालिकेचा मुकादम पंडित बसला होता. रस्त्यांवरच्या कंदिलांचे रॉकेल ठेवायला पालिकेला ही खोली हवी होती. गल्लीला सोंगांच्या मंडळाचा उपयोग काय ते सांगा, नाहीतर किल्ली द्या, असा निरोप होता. नाना उत्तर शोधून थकले. सोंगे नाचवायचा अखाजीचा सण तोंडावर आलेला. सकाळी रामाचे सोंग मिळाले नाही म्हणून मंडळातला हिलाल रुसला, दुपारी पिपाणीवाला शिंदखेड्याच्या लग्नात वाजवायला निघून गेला. तेव्हाच नानांनी किल्ली कोपरीच्या खिशात घातली होती. ही तालीम उरकली की देऊन टाकायची. भरा खुशाल रॉकेल. रॉकेल रुसत तरी नाही.

"चला, शेवटचं," ते म्हणाले.

मुखवटे चढले. मुखवटा चढला की माणूस उरत नाही, नुसते सोंग उरते. त्याला नावाने हाक मारायची नाही आणि सोंग जे बोलेल ते माणसाच्या अंगाला लावायचे नाही, हा मंडळाचा जुना नेम. चुकीचा शब्द आला तर मात्र नाना तिथल्या तिथे संबळ थांबवत.

वाली गरजला, सुग्रीव धावून गेला, पंजे खांद्यांत रुतले.

"नाना, मग साहेबाला काय सांगू?" पंडितने विचारले.

त्याचे ऐकायला नानांनी हात हलका केला. संबळ कुजबुजल्यासारखा वाजू लागला, आणि टेकलेल्या मुखवट्यांमधून वालीचा आवाज आला.

"तुनी मायना ताप उतरना का?"

"उतरना," सुग्रीव म्हणाला. "आते पेज लेस."

"मनी बायकोनी लिंबाचं लोणचं काढेल शे. भिंतीवर ठेवी दिसू."

नानांची काठी हवेतच राहिली. धनसिंगची म्हातारी भिकुबाई पंधरवडाभर अंथरुणाला खिळली होती, हे त्यांना माहीत होते. रुपचंदलाही ते माहीत असेल, हे त्यांच्या मनात आले नव्हते. पकड आजही सुटत नव्हती. दोन्ही मुखवटे किंचित नानांकडे वळले, आता संबळ थांबणार म्हणून.

नानांनी काठी खाली आणली. जोरात. मग दुसरी.

पंडितने कानाजवळ हात नेला. "काय बोलतात ते?"

"सोंगातलंच."

"अन् किल्ली?"

"झुंज संपू दे," नाना म्हणाले, आणि ठेका पुन्हा पहिल्यापासून धरला.