बिनआवाजाचा पंप

सायली माझ्यापेक्षा वयानं कितीतरी लहान, पण बोलायची अशी, की जणू मी तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलोय. औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरांच्या दवाखान्यात ती पेशंटना इन्सुलिनचे पंप समजावून सांगायची. तिनं टेबलावर दोन ठेवले होते, पत्त्यांच्या कॅटएवढे. पंप कंबरेला अडकवायचा, त्याची बारीक नळी पोटाच्या कातडीखाली, आणि इन्सुलिन दिवसभर थेंब थेंब आत जात राहणार. एकोणिसाव्या वर्षापासून रोज स्वतःला टोचत आलेल्या माणसाला हे ऐकूनच निम्मं बरं वाटतं.

"हा साधा," ती म्हणाली. "काही बिघडलं तर नुसता थरथरतो. आणि या दुसऱ्याबरोबर दंडाला सेन्सर लावायचा. साखर घसरायला लागली की हा आपणहून इन्सुलिन थांबवतो. आणि तुम्ही उठला नाहीत तर ओरडतो. अगदी भोंग्यासारखा."

"मला साधा."

"सर, तुम्ही दिवसभर उन्हात चालता. दिवसाच्या चालण्यानं रात्री झोपेतसुद्धा साखर खाली जाऊ शकते. तुमच्यासारख्यांना हा दुसराच बरा. घरी ऐकायला कोण असतं?"

"भिंती असतात."

ती हसली नाही. "दोन दिवस विचार करा," म्हणाली.

विचार काय करायचा? पैशांची अडचण नव्हती. अडचण होती ती घरातल्या शांततेची.

मी मोजणीवाला. त्या उन्हाळ्यात आमच्या शहराला पाण्याचा टँकर दिसला की देव दिसल्यासारखं व्हायचं, आणि त्याच उन्हाळ्यात बीड बायपासच्या पलीकडं जिकडं तिकडं प्लॉट पडत होते. ज्या शिवारात विहिरींचे तळ उघडे पडले होते, तिथं मी नव्या सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाची जागा आखून देत होतो. माणसाला लाज वाटायला हवी, पण काम म्हणजे काम. मशीन खांद्यावर, इन्सुलिनचं पेन ओल्या फडक्यात, आणि ढेकळांतून पायपीट. माझ्या माणसांना वाटायचं, साहेब उन्हाला फार जपतात, म्हणून सारखे सावलीत जातात. मी तिथं सुई टोचत असायचो.

कुणाला सांगायचं नाही, हा आईचा दंडक. या आजारापायीच माझं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून तिनं घराबाहेर 'साखर' हा शब्दसुद्धा काढला नाही. पण रात्री उठून माझ्या कपाळाला हात लावायची. घाम लागला की साखरेचं पाणी ढवळून आणायची, आणि मी अर्धवट झोपेत ते पिऊन टाकायचो. सकाळी दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नसू. ती गेली त्याला दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात एका सकाळी मला जाग आली ती स्वयंपाकघरातल्या फरशीवर. ओठ फुटलेला, साखरेचा डबा शेजारी सांडलेला, आणि मी तिथवर कसा आलो ते अजिबात आठवत नव्हतं. पुढच्या वेळी डब्यापर्यंत पोचलो नाही तर? ते कळायलाही कुणी नव्हतं. कामावरची माणसं दोन दिवस वाट बघतील, मग फोन करतील.

तरीही मला ओरडणारा पंप नको होता. रिकाम्या घरात तो भोंगा वाजत राहणार, कुणी येणार नाही, आणि वाजून वाजून तो गप्प होणार. मला त्या कल्पनेनंच रडू यायचं. त्यापेक्षा मुकाट्यानं थरथरणारा परवडला. माझ्या स्वभावाचा तरी असेल.

तिसऱ्या दिवशी सायलीनं फोन केला तेव्हा मी गॅलरीत होतो. घरात रेंज नसते.

"हो हो, पंप बसवायचाच आहे," मी म्हणालो. "छोटा. आवाज न करणारा. आणि बाहेरून कुणाला दिसता कामा नये."

आमच्या पुंडलिकनगरच्या बिल्डिंगीत आठवड्यातून एकदा नळाला पाणी यायचं. त्या संध्याकाळी आलं. साइटवरून आलो तो तसाच बादल्या भरायला लागलो. धार करंगळीएवढी. पोटात काही नव्हतं, आणि आधी पाणी, मग जेवण, हा त्या दिवसांतला सगळ्या शहराचा नियम. दारावर थापा पडल्या तेव्हा माझा शर्ट घामानं भिजला होता आणि हात कापत होते. साखर घसरल्याच्या एवढ्या खुणा पुरे होत्या, पण त्या वेळी डोकंच चालत नाही.

दारात अप्पाराव होते, खालच्या मजल्यावरचे, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. त्यांच्यामागं शेजारच्या आशाबाई. त्या मूळच्या सिल्लोडकडच्या. मुलं पुण्याला, मालक वारलेले, एकट्याच राहायच्या. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत.

"शंतनूराव, सरळ सांगतो," अप्पाराव म्हणाले. "नळाच्या लाइनला पंप लावून पाणी ओढायचं, हे या बिल्डिंगमध्ये चालायचं नाही."

"म्या सोता ऐकलं," आशाबाई म्हणाल्या. "बारका पायजे, आवाज न करणारा, कुणाला दिसू नये असा! तव्हाच म्हणलं, माझ्या नळाला धार काऊन नाय!"

मला हसू आलं, पण जीभ जड झाली होती. "पंप... पोटाला," मी म्हणालो. "पोटाला लावायचा."

"घ्या! पिऊन आलेत," अप्पाराव म्हणाले.

माझा संताप झाला, पण संतापायलाही पायात बळ लागतं. मी उंबऱ्यावरच बसलो. "साखर," एवढंच म्हणालो. आईचा दंडक तिथं मोडला.

आशाबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला आणि तडक माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या. पेल्यात चमचा ढवळल्याचा आवाज आला. दोन वर्षांत तो आवाज माझ्या घरात झाला नव्हता, मी नुसती साखर तोंडात टाकायचो. पाणी प्यायलो. त्यांनी आणलेली पोळीही खाल्ली. जरा माणसात आल्यावर दोघांना सगळं सांगितलं, आजार, पंप, फरशी, सगळं.

अप्पाराव खजील झाले. "मग पाणी गेलं कुठं?" असं स्वतःलाच विचारत खाली गेले. आशाबाई मात्र रिकामा पेला घेऊन तिथंच बसून राहिल्या.

"तुमची आई रातच्याला चमचा वाजवायची," त्या म्हणाल्या. "भिंतीपल्याड समदं ऐकू येतं. मालक गेल्यापासून मला झोप कुठं? मी म्हणायची, म्हातारीला कव्हाबी च्या लागतो. पण चमचा वाजला की लई बरं वाटायचं. कुणीतरी जागं हाय. आता दोन वरीस झाले, नाय वाजत."

मी अलीकडं, त्या पलीकडं, आणि मधे एक विटेची भिंत. आई गेल्याचं दुःख फक्त मलाच झालंय असं मी धरून चाललो होतो.

"मंग ह्यो तुमचा पंप वाजतो का?"

"नाही काकू. नुसता थरथरतो."

"वाजणारा नसतो का?"

"असतो. भोंग्यासारखा ओरडतो म्हणे."

"मंग वरडणाराच घ्या," त्या म्हणाल्या. "आन् खाट ह्या भिंतीला लावा. त्या खिडकीपाशी कशाला निजता?"

मी खिडकीपाशी झोपतो हे त्यांना कसं कळलं, ते मी विचारलं नाही. आईच्या जुडग्यातली घराची दुसरी चावी अजून खिळ्यालाच होती, तिच्या सेफ्टी पिनेसकट. ती काढून मी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती पदराच्या टोकाला बांधली आणि उठल्या.

दारात थांबून म्हणाल्या, "पण बघा हं, लाइनला पंप लावला तर ते बी मला ऐकू येईल."

त्या गेल्या. थोड्या वेळानं त्यांच्या दाराची कडी लागली. भिंतीतून स्वच्छ ऐकू आली. इतकी वर्षं ती रोज वाजत असणार, आणि मी कधी ऐकलीच नव्हती.