कपाटातलं घर

शिंपीणबाई घर आवरायला लागल्या की कुणाचं ऐकत नसत. त्यात आज परवान्यासाठी तपासनीस यायचा होता! वरची खोली पाहुण्यांना दोन-चार दिवस भाड्याने द्यायची तर नगरपालिकेचा परवाना हवा, आणि मालक त्याच घरात राहणारा हवा, असा नवा नियम. नुसत्या शिलाईवर आता भागत नव्हतं; परवाना मिळाला नाही तर घर विकून लेकीकडे जायचं. लेक गुणाची हो, पण जावयाच्या घरात बाईंना मोकळेपणी खोकायचीही चोरी.

म्हणून सकाळपासून बाईंनी घर डोक्यावर घेतलं. शिलाईचं मशीन, चिंध्यांची गाठोडी, टॉवेल, औषधं, वाटीतली नवऱ्याची कवळी, सगळं कपाटात कोंबलं आणि पाठ लावून दार बंद केलं.

"अगं, माझे दात!" नवरा बोळक्या तोंडाने ओरडला.

"साहेब गेले की देते. तोवर तोंड मिटून बसा."

तपासनीस आला. जिना पाहिला, वरची खोली पाहिली, सगळं पसंत पडलं. खालच्या खोल्यांत मात्र त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. चादरीला सुरकुती नाही, न्हाणीत ब्रश नाही, खुंटीवर साधा सदरा नाही.

"मावशी, इथं कुणी राहतं असं वाटत नाही. हेही पाहुण्यांसाठीच ठेवलंय ना? परवाना नाही मिळणार."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "अहो, लग्न होऊन आले ती इथंच!"

"सगळे असंच सांगतात."

बाईंनी आशेने नवऱ्याकडे पाहिलं. पण दातांशिवाय परक्यासमोर बोलायची त्याला भारी लाज. तो उठला आणि तडक कपाटाकडे गेला.

"अहो, नको!" बाई किंचाळल्या.

दार उघडलं मात्र, धडाधड सगळा संसार बाहेर! गाठोडी, छत्री, शेकायची पिशवी, अर्धवट शिवलेलं नातीचं झबलं. कवळी घरंगळत तपासनिसाच्या बुटाशी जाऊन थांबली.

"माझी आहे," नवरा कसाबसा पुटपुटला.

तपासनीस पोट धरून हसला. "आमची आई अगदी अशीच! पाहुणे येणार म्हटलं की आम्हाला आमचेच मोजे सापडत नाहीत." त्याने तिथंच सही ठोकली.

तो गेल्यावर बाई सवयीने झबलं उचलायला वाकल्या, आणि तशाच त्या पसाऱ्यात बसल्या. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

"आज मी काही आवरायची नाही," त्या म्हणाल्या.

दात धुऊन बसवत नवरा म्हणाला, "मग जरा सरक. मलाही बसू दे."